परक्या हाताची गाठ

ती गाठ त्याची नव्हती – हे त्याच्या बोटांना आधी कळलं, त्याला नंतर. हिरवी नायलॉनची दोरी, उन्हानं विटून जवळजवळ पांढरी झालेली, जुन्या वायरीभोवती दोन वेढे घेऊन खाली भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला ताणून बांधलेली. आणि गाठ अशी, की जितकं ओढावं तितकी आवळत जावी. गोकुळ दोरी बांधत नाही. तो प्लॅस्टिकची पट्टी आवळतो आणि तिचं उरलेलं शेपूट पक्कडीनं तिरपं तोडतो. इंदापूर आणि बारामतीच्या मधल्या कुठल्याही गच्चीवर त्याला नेऊन उभं करा, तिरप्या तोडीवरून तो सांगेल की ही डिश आपण बसवली, ही दुसऱ्यानं. बारा वर्षांत हजारभर भिंतींना त्यानं भोकं पाडली असतील. एकाही ठिकाणी हिरवी दोरी नाही.

शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर तो तसाच थांबला. खाली अंगणात शकुबाई पायांत सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. नवरात्र होऊन गेलं होतं, पाऊस संपला होता, आणि बावडा गावाचं ते दुपारआधीचं ऊन भिंतीवरून परत तोंडावर येत होतं.

"घावलं का टीव्हीचं दुखणं?" तिनं खालूनच विचारलं.

"वायर जुनी झालीया, काकी. बदलावी लागंल."

"जुनी तर मीबी झालीया. मला कवा बदलतूस?"

तो हसला. हसणं हा त्याच्या धंद्याचा अर्धा भाग होता. माणसाच्या घरात शिरायचं, त्याच्या पलंगावर स्टूल ठेवून चढायचं, त्याच्या भिंतीला भोक पाडायचं, म्हणजे तोंड हसतं लागतं. आणि हसता हसता तो बघून घ्यायचा. टीव्ही कुठल्या खोलीत लावायचा हे ज्याला विचारावं लागतं, त्याचं घरात चालतं. जो मधेच येऊन 'जरा डावीकडं घ्या' म्हणतो, त्याचं चालत नाही. चहा आधी देणारे काम झाल्यावर चुका काढतात, काम झाल्यावर चहा देणारे काढत नाहीत. अशी माणसांची एक वहीच त्याच्या डोक्यात होती, पानं भरलेली, नीट आखलेली. फक्त या घराचं पान चिकटलेलं होतं. ते तो उलटत नसे – दोन पानं एकदम उलटायचा.

आणि आता ही गाठ.

त्यानं वायर हलवून बघितली, तेव्हा दोरीचा हेतू त्याला दिसला. आणि दिसल्यावर शिडी हलल्यासारखं झालं, पण हलली नव्हती. गच्चीच्या कठड्यावरून उतरलेली वायर त्यानं अकरा वर्षांपूर्वी सरळ ताणून भोकात घातली होती, सुबक दिसावी म्हणून. कुणीतरी ती वरून थोडी ढिली करून घेतली होती, भोकाच्या खाली हातभर ओढली होती आणि दोरीनं तिथंच धरून ठेवली होती. म्हणजे वायर आधी खाली जात होती आणि मग वळून वर, भोकात. कुणीतरी वायरीला पोट सोडलं होतं.

पोट सोडणं ही या कामातली पहिली अक्कल. वायरीच्या अंगावरून पाणी चालत येतं, थेंबामागून थेंब, मुकाट. त्याला उतार दिसला की ते विचार करत नाही. वायर सरळ घरात गेली तर पाणीही तिच्या मागोमाग घरात जातं. तिला बाहेर थोडं पोट ठेवलं, तर पाणी पोटाच्या तळाशी येतं, तिथून पुढं चढ असतो, पाणी चढत नाही, खाली गळून पडतं. झालं. भोकसुद्धा आतून पाडायचं, बाहेरचं तोंड बोटभर खाली, आणि लिंपायचं ते बाहेरून. बारामतीला नव्या लोकांना शिकवायला त्याला बोलावलं होतं तेव्हा त्यानं फळ्यावर चित्र काढून हे सांगितलं होतं, आणि लोक म्हणाले होते, गोकुळशेटचं भोक गळत नाही… ते खरंच होतं. गेल्या नऊ वर्षांत पाडलेलं त्याचं एकही भोक गळलं नव्हतं. ही विद्या तो कुठल्या घरात शिकला, एवढंच त्यानं फळ्यावर लिहिलं नव्हतं.

हे घर.

वास्तुशांत होती त्या दिवशी. गेणबाकाकांना, म्हणजे शकुबाईच्या मालकांना, पंगत बसायच्या आत टीव्ही चालू पाहिजे होता. पाहुणे वडगाव निंबाळकरहून आले होते आणि त्यांच्याकडं मोठा टीव्ही होता. आत सोप्यात माणसं दाटीनं बसलेली, कोपऱ्यात पत्रावळ्यांचे गठ्ठे, बुंदीच्या पराती… आतून भोक पाडलं असतं तर सिमेंटची धूळ बुंदीवर. म्हणून तो गच्चीवर गेला, कठड्यावर पोट टेकून खाली वाकला आणि ड्रिल मशीन वरून खाली धरून भोक पाडलं. उतार आत. कळत नव्हतं असं नाही – घाई होती. खाली त्याच वेळी भीमातात्यांना पाटावर बसवलं होतं. भीमातात्या गवंडी, घर त्यांनी बांधलेलं; आजोबापणजोबांनी मेंढरं राखली आणि या माणसानं भिंती उभ्या केल्या. वास्तुशांतीला गवंड्याला पाटावर बसवून पोशाख द्यायचा, फेटा बांधायचा, हा रिवाज. मशीनचा आवाज होत होता आणि खाली गेणबाकाका फेट्याचे वेढे देत होते. मग कुणीतरी गोकुळलाही खाली बोलावलं. तो धुळीनं पांढरा होऊन दारात उभा राहिला, आणि भीमातात्याच फेटा सावरत म्हणाले, "ह्यालाबी काय तरी द्या की, मालक. मी भिंती दिल्या, ह्यानं घराला डोळा दिला." आणि स्वतःच्या ताटातला टॉवेल उचलून त्यांनी गोकुळच्या खांद्यावर टाकला.

तो टॉवेल पुष्कळ वर्षं टिकला. वाईट वस्तू लवकर फाटतात असं म्हणतात. तसं काही नसतं.

भोकाची आतली बाजू त्यानं एमसीलनं लिंपली होती, अंगठ्यानं दाबून, गुळगुळीत. पाहुण्यांना आतली बाजूच दिसणार होती. बाहेरच्या बाजूला कोण बघतंय.

"ह्या भोकातनंच घाल रं नवी वायर," शकुबाई म्हणाली. "दुसरं पाडू नगंस. ऋषिराज वर खोली बांधतोय. आधीच हे घर चाळण झालंय."

ऋषिराज तिचा मुलगा, बारामतीत कंपनीत. "कवा बांधतोय?" गोकुळनं विचारलं.

"आयतवारी बारामतीचा ठेकेदार बघाया येणार हाय. गावातला नगं म्हणतोय. भीम्यानं आमचं जे केलं ते केलं, आता दोन पैसं जादा खर्चू, पर गळका नगं."

गळका. गळका भीमा. हे नाव कुणी ठेवलं हे गावात कुणी सांगू शकणार नाही, नावं अशीच असतात, त्यांना बाप नसतो. पण गोकुळला त्याचा जन्मदिवस पाठ होता.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तो या घरी टीव्हीचा डबा बदलायला आला होता. आत शिरताच त्याला डाग दिसला: भोकाच्या बरोबर खाली सुरू होऊन पसरत गेलेला, बैलाच्या तोंडासारखा, कडा पिवळ्या. गिलाव्याचा पापुद्रा सुटलेला. एका नजरेत त्याला सगळं कळलं, उतार, वायर, अंगठा, सगळं, आणि त्याच क्षणी गेणबाकाका म्हणाले, "बघ की गोकुळ, तुला वरचं-खालचं कळतं. भीम्याचा स्लॅब गळतोय, न्हवं?"

मी वर बघितलं. मुद्दाम, सावकाश, डॉक्टर बघतो तसं. स्लॅब कोरडा होता… आणि मी म्हणालो, "व्हय काका. स्लॅबचंच हाय हे."

चार शब्द, पाच शब्द. एवढंच. धंदा नवा होता, गावात आणखी चाळीस घरं राहिली होती, एका भोकाची बोंब झाली असती तर… अशी कारणं त्यानं नंतर पुष्कळ जमवली. पण खरं सांगायचं तर त्या वेळी कारण नव्हतंच. प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं, त्यानं फक्त मान हलवली. पाण्याला उतार दिसला.

आणि तेवढ्यावर भागलं असतं तर माणूस ते विसरलाही असता. पण त्याच्या आठ दिवसांनी भीमातात्या पदरच्या सिमेंटानं, स्वतःच्या हातानं, गच्चीवर नवा कोबा घालायला आले. चार माणसं बघायला जमली, दुसऱ्याच्या चुकीला माणसं जमतात, आणि गोकुळलाही डिश जरा उचलून धरायला बोलावलं होतं. भीमातात्या उकिडवे बसून थापी फिरवत होते. फिरवता फिरवता थांबले. कठड्यावरून खाली वाकून बघितलं आणि सहज म्हणाले, "गोकुळ, तुझ्या वायरीवाटं तर पाणी जात न्हाय ना रं?"

आणि मी म्हणालो, "वायर म्हंजी पायप वाटला व्हय, तात्या?"

माणसं हसली. गेणबाकाका सगळ्यांत मोठ्यानं. पुढं कितीतरी दिवस गावात कुणाचं काही बिघडलं, मोटर जळली, दूध नासलं, तरी म्हणायचे, बघा, गोकुळच्या वायरीतनं पाणी गेलं असंल. भीमातात्याही हसले होते. थोडंसं. मग पुन्हा थापी फिरवायला लागले. दोन महिन्यांनी रब्बीतल्या एका अवकाळी सरीनं डाग पुन्हा ओला झाला, आणि त्या हिवाळ्यापासून त्यांना बावड्यात कुणी भिंत बांधायला बोलावलं नाही.

पक्कड त्याच्या हातातच होती. दोरी तोडायला एक क्षण लागला असता. त्यानं गाठ सोडवायचा प्रयत्न केला. नखं तोकडी, आणि गाठ तर… ही सुताची गाठ होती. वीट सरळ लागावी म्हणून गवंडी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जी दोरी ताणतात, तिची.

"काकी," तो म्हणाला, आणि आपला आवाज आपण कामावर वापरतो तोच आहे हे ऐकून त्याला नवल वाटलं, "हितं दोरी कुणी बांधलीया?"

"दोरी? हां, ती. भीम्यानं. शेवटचा आला हुता तवा. हे तालुक्याला गेल्यालं, मी एकटीच घरात, आणि हा शिडी लावून तितं चढलेला. म्हणलं, गळतंय वर, तू भिंतीला काय करतूस? उतरला, पाणी मागितलं, प्याला, गेला." तिनं शेंग फोडली. "पर खरं सांगू, त्या सालापास्नं गळणं निम्म्यानं कमी झालं बघ. कोब्याचा गुण आला म्हणायचा."

गोकुळनं भिंतीला हात टेकला. गरम होती.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. हसू झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नुसते आले, माझी वायर मोकळी केली, पोट सोडलं, गाठ मारली. उतार आतला, तो काही दोरीनं बदलत नाही, म्हणून निम्मं थांबलं, निम्मं येत राहिलं. आणि मी नऊ वर्षं…

नऊ वर्षं ते त्याला भेटत होते. भिगवणला गोकुळचं दुकान. भीमातात्या आता तिथल्या मासळी बाजारात बर्फ फोडायला होते. समोर आले की हात वर करायचे, "काय गोकुळ, बरं हाय का?" आणि तो गाडी हळू न करता म्हणायचा, "बरं हाय, तात्या." मग त्यानं बाजाराच्या मागचा रस्ता धरला, तरी महिन्यातून दोनतीनदा गाठ पडायचीच. प्रत्येक वेळी त्याला लाज वाटे, पण त्या लाजेत एक ऊबही होती, हे आता शिडीवर उभं राहून त्याला दिसलं. बिचाऱ्याला माहीत नाही, भोळा माणूस आहे – असं म्हणून तो त्यांची कीव करायचा. ज्याचं आपण बुडवलं त्याची कीव करायला मिळणं, ही केवढी चैन… आता ते सगळे 'बरं हाय का' परत तपासायला घ्यावे लागणार होते, एकेक, तारीखवार, आणि प्रत्येकात काय भरलं होतं ते नव्यानं बघावं लागणार होतं.

त्यानं पक्कडीनं दोरी दोन्हीकडून तोडली. गाठ तशीच राहिली. ती त्यानं शर्टाच्या खिशात टाकली. मग जुनी वायर ओढून काढली, आणि भोकाच्या आतल्या टोकाशी साचलेलं तांबूस, मातकट पाणी त्याला दिसलं. फार नाही, वाटीभर. पाऊस जाऊन तीन आठवडे झाले होते. आतून एमसीलचा तुकडा सुटून सोप्यात पडल्याचा आवाज आला.

तो खाली उतरला. आत जाऊन तो तुकडा उचलला. अंगठ्याच्या रेघा अजून होत्या.

त्यानं नवं भोक आतून पाडलं, खिडकीजवळ, बाहेरचं तोंड खाली. शकुबाई दारात उभी राहून धूळ बघत होती. "नगं म्हणलं हुतं मी."

"जुन्यातनं पाणी येत असंल, काकी."

"काय?"

"डाग… तो स्लॅबचा नसंल. ह्या भोकातनं असंल. वायरीवरनं."

येत असंल. नसंल. असंल. एवढ्या वर्षांनी तोंड उघडलं, तेही एवढंच, फटीतनं बघितल्यासारखं. चूक त्यानं कबूल केली होती. ती डाग दिसला त्याच दिवशी कळली होती, हे अजून आतच होतं.

शकुबाईच्या ओच्यात टरफलं होती, ती तिनं झटकली नाहीत. तिची नजर डागावर गेली, मग नव्या भोकावर, मग भिंतीवरच्या गेणबाकाकांच्या फोटोवर.

"आता कशाला सांगतूस?" ती हळू म्हणाली. "ज्या हातानं फेटा बांधला त्याच हातानं ह्यांनी त्याला दारातनं काढला. मी चार बायकांत त्याला काय न्हाय ते बोलली. हे गेलं, आता ह्यांचा शब्द खोटा पाडू व्हय?" मग ओचा सावरत, "भिंतीला रंग द्यायचाच हाय. ऋषिराजला काय बोलू नगंस. आयतवारी ठेकेदार येतोय."

"पर भीमातात्यांना…"

"चा टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

काम झाल्यावर चहा. चुका काढणार नाही. त्यानं चहा घेतला, सगळा, कपाच्या तळाची साखरसुद्धा. आणि त्याला जाणवलं की आपण सुटलो नाही, आपल्याला फक्त एक सोबत मिळाली, आणि ती सोबत नको होती.

इंदापूर गेलं, हायवे लागला. उजनीचं पाणी उजव्या हाताला चमकून जात होतं. भिगवणजवळ मागच्या रस्त्याचं वळण आलं आणि हात आपोआप वळायला लागला, तो त्यानं धरला. गाडी सरळ बाजारात गेली. दुपार उतरत होती, लिलाव केव्हाच संपला होता, ओल्या फरशीवर रिकामे क्रेट. भीमातात्या एका पोत्यावर लाकडी मोगरीनं बर्फ फोडत होते, मोजक्या ठोक्यांनी, जशी वीट तोडावी.

"काय गोकुळ, बरं हाय का?"

त्यानं गाडी बंद केली. भीमातात्यांनी मोगरी थांबवून बघितलं, आणि त्यांची नजर त्याच्या तोंडावरून खाली खिशाशी आली. दोरीचं विटकं टोक बाहेर डोकावत होतं.

"बावड्याला गेला हुतास व्हय?"

"व्हय."

"ह्या बारीला आतनं पाडलंस का भोक?"

"आतनं."

"मग झालं." त्यांनी दोन ठोके मारले. बर्फाचे तुकडे उडाले. "त्या दिशीच मला आवाजावरनं कळलं हुतं, मशीन वरनं खाली चाललंय म्हणून. पर पाटावर बसिवलेलं, डोस्क्याला फेटा गुंडाळत हुते. अर्ध्या फेट्यात उठायचं कसं? म्हणलं, जेवणं झाल्यावर सांगू. मग टीव्ही लागला, तू खूश, मालक खूश…" ते थोडं हसले, त्या दिवशी गच्चीवर हसले होते तेवढंच. "चूक माझीबी हायच की रं. मानापायी बसून राह्यलो."

गोकुळला वाटलं होतं की ते शिवी देतील, किंवा तोंड फिरवतील, किंवा काहीच ओळखणार नाहीत. वाटभर त्यानं तिन्हींची तयारी केली होती. याची केली नव्हती. भोकाची वाटणी झाली होती, आणि अर्धा वाटा त्या माणसानं न मागता उचलला होता, त्या टॉवेलासारखाच. राहिलं ते फक्त माझं… वर बघून म्हटलेलं ते वाक्य, स्लॅब कोरडा असताना. आणि ते हसू. त्यात तात्यांचा वाटा नव्हता, शकुबाईचा नव्हता, घाईचा नव्हता, बुंदीच्या परातीचा नव्हता. ते कुणालाच वाटून देता येत नव्हतं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याला ते कुणाला देऊन टाकावंसंही वाटलं नाही.

"तात्या," तो म्हणाला.

"बोल की."

बर्फाचं पाणी पोत्याखालून निघालं होतं. फरशीच्या उतारानं ते सावकाश त्याच्याकडे येत होतं, त्याच्या चपलेपाशी आलं, अंगठ्याला गार लागलं. भीमातात्या मोगरी गुडघ्यावर ठेवून वाट बघत होते, कसलीच घाई नसल्यासारखे. गोकुळनं पाय मागं घेतला नाही.